तिसरं कडवं

१ मेची साउंडची ऑर्डर तशी सोपी असते. दोन स्पीकरचे कॉलम, एक मिक्सर, दोन माईक. आधी राष्ट्रगीत, लगेच राज्यगीत, मग भाषणं. ऊन चढायच्या आत केबल गुंडाळून घरी. नागपुरात प्रतापनगरकडच्या एका संस्थेत मी चार वर्षं जातो, पण यंदासारखी फजिती कधी झाली नव्हती.

माझ्या लॅपटॉपवर ‘गर्जा महाराष्ट्र माझा’च्या अकरा फायली आहेत. बँडची, शाळेतल्या पोरांची, वरातीत चालणारी डीजेवालीसुद्धा (मागणारे आहेत, काय करता!). कामाच्या दोनच. एक सरकारी, दोन कडव्यांची, १ मिनिट ४१ सेकंदांची. १९ फेब्रुवारी २०२३ ला, शिवजयंतीपासून, हे राज्यगीत झालं, तेव्हापासून कार्यक्रमात हीच लागते. दुसरी शाहीर साबळ्यांची जुनी, तिन्ही कडव्यांची. मला विचाराल तर ऐकायची तीच. तिला बास जरा खाली घ्यावा लागतो, नाहीतर कॉलम नुसता घुमतो. पण एकदा बसली की बाकी काही करावं लागत नाही. विनामाईकचं मैदान भरणारा गळा तो.

राष्ट्रगीत झालं. मी बटण दाबलं आणि लागली जुनी.

दुसरं कडवं संपेपर्यंत कुणाला पत्ता नव्हता. मग लोक हलले, खुर्च्या करकरल्या, पाहुणे बसायला अर्धे वाकले, आणि साबळ्यांनी तिसरं उचललं. पाहुणे पुन्हा ताठ. सेक्रेटरी डोळे वटारून माझ्याकडे पाहून राहिले. माझा हात आवाज कमी-जास्त करायच्या फेडरवर. कापू की राहू देऊ?

“वाजू दे रे बाबू.”

बाजूला एक काका उभे. सत्तरीचे असतील. खिशाला काळी फीत टाचलेली. हात सरळ, मान वर, आणि तिसरं कडवं शब्दन्‌शब्द पाठ. मी हात काढून घेतला.

आमच्याकडे १ मेला काळी फीत म्हणजे वेगळं सांगायची गरज नाही. वेगळा विदर्भ मागणारे हा दिवस काळा दिवस म्हणून पाळतात. म्हणून केबल गुंडाळताना विचारलंच, “काका, फीत लावून राज्यगीत?”

“फीत माझी, गाणंही माझंच. लिहिलं कोणी, मालूम आहे का?”

नव्हतं मालूम. अकरा फायली बाळगतो आणि नव्हतं मालूम.

“राजा बढे. १९१२ चा जन्म, आपल्या नागपूरचा. साबळे वाईकडचे, पसरणीचे. पण शब्द इथल्या माणसाचे. ‘रेवा वरदा’ म्हणतो ना, ती वरदा कोणती? आपली वर्धा. कृष्णा-कोयनेच्या आधी वर्धा घेतली त्यानं.”

मी लॅपटॉप उघडून सुरुवात पुन्हा ऐकली. खरंच की. इतकी वर्षं मी ते ‘वरदा’ देवाचं नाव समजत होतो.

तेवढ्यात सेक्रेटरी आले. पाहुण्यांना दोनदा उठबस करावी लागली, वेळ गेला, पैशातून पाचशे कापणार. चूक माझी होती, बोललो नाही. काका मध्येच म्हणाले, “उठबस कसली? उभे होते, उभेच राहिले.” सेक्रेटरी निघून गेले. पाचशे मात्र कापलेच.

तर्री पोहे आले. काका प्लेट घेऊन माझ्या टेबलाशीच टेकले.

“‘कळीदार कपूरी पान’ आहे का तुझ्याकडे?”

“सुलोचनाबाईंची लावणी? आहे ना.”

“तेही बढ्यांचंच. आणि चाल कोणाची? राज्यगीताला चाल देणाऱ्या ह्याच श्रीनिवास खळ्यांची.”

एकाच जोडीनं सह्याद्रीही गाजवला आणि विडाही लावला म्हणायचा. मी फाईल शोधली, आवाज अगदी बारीक ठेवला. काकांनी चमच्यानं प्लेटवर ठेका धरला. पोह्यांच्या रांगेतल्या दोन बाया वळून पाहू लागल्या, एक हसली. तशी मी फेडर थोडा वर सरकवला.

सेक्रेटरी पुन्हा येताना दिसले, या वेळी पळत.