झबल्यावरची पाटी

"काकू, बाळाच्या अंगावर असलं काही लिहिलेलं चालतंय काय ओ?"

विचारणारी बहुतेक वेळा बाळाची आईच असते. नवरा बाहेर गाडी लावायला जागा शोधत असतो, तेवढ्यात ती मोबाइल पुढं करून हळूच विचारते. कधी आजी विचारतात. त्या हळू विचारत नाहीत. बेळगावात, शहापुरात माझं बाळंतविड्याचं दुकान आहे. दुकान म्हणजे पुढच्या सोप्यात दोन मशिनी आणि एक कपाट. पण पंचवीस वर्षं बाळांची कापडं शिवणाऱ्या बाईला ह्याचं उत्तर ठाऊक असणारच, असं लोकांना वाटतं. आजवर मी ते तोंडातल्या तोंडात दिलं. आता इतक्या जणांनी विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते.

झबली, टोपडी, दुपटी, लंगोट आणि गुळेदगुड्डच्या खणाची कुंची, एवढाच माझा पसारा. ह्या सगळ्यात अक्षरं असायची ती एकाच ठिकाणी: दुपट्याच्या कोपऱ्यात रंगीत दोऱ्यानं भरलेलं 'बाळ'. एकदा घाईत माझ्या हातून काना राहिला आणि 'बळ' झालं. ते दुपटंही खपलं.

आता गिऱ्हाईक फोटो घेऊन येतं. मांडीशी टिचबटणं असलेला रोम्पर, आणि छातीवर इंग्रजीत एक ओळ. काही ओळी नुसत्या चावट: रात्रभर पार्टी, माझ्या पाळण्यात, येताना बाटली आणा. काही आईच्या अंगाबद्दल, म्हणजे 'ही आता माझी, बाबांनी लांब राहायचं' अशा अर्थाच्या. एकीत तर आपण ह्या जगात निरोध फाटल्यामुळं आलो, असं ते बाळच सांगतं. मी पहिल्यांदा अर्थ विचारून घेतला तेव्हा गिऱ्हाइकाचे कान लाल झाले, माझे नाही. मग त्यालाच म्हटलं, बाबा रे, हे मराठीत काढू काय? तो नको म्हणाला. इंग्रजीतच पाहिजे.

सगळे काही मुद्दाम घेत नाहीत, हेही सांगायला पाहिजे. तमिळनाडूतल्या तिरुपूरला परदेशासाठी होजिअरी शिवली जाते. ऑर्डरीपेक्षा जास्त झालेला किंवा बारीक खोटीसाठी नाकारलेला माल नंतर इकडच्या बाजारांत स्वस्तात येतो. सूत चांगलं असतं, शिवण पक्की असते. खडेबाजारात आजी तो ढिगातून उचलते ती हात फिरवून, वाचून नव्हे. कुठल्या तरी परक्या देशातल्या मित्रमंडळींनी एकमेकांच्या पोराला द्यायचा टिंगलीचा आहेर, तो इथं आजीच्या मायेनं अंगात चढतो. त्या आजीला मी काय म्हणू? वर ती छपाई रबरी. प्लास्टिसॉल नावाची शाई असते, मूळ पीव्हीसीचीच, मऊ राहावी म्हणून तिच्यात तेलकट रसायन मिसळलेलं. तिच्यातून हवा जात नाही. आमच्याकडच्या पावसाळ्यात जिथं लंगोट तीन-तीन दिवस वाळत नाहीत, तिथं छातीवर हे रबराचं पोटीस. बाळ कापड चोखतं तेही नेमकं तिथंच. मला विचाराल तर त्या ओळीचा अर्थ कितीही गोड असला तरी एवढ्याच कारणासाठी मी तो कपडा परत ढिगात टाकीन. पण तुमचा प्रश्न शाईचा नाही.

दोन वर्षांपूर्वी वडगावात आमच्या नात्यातलं बारसं होतं. बाळाला आधी खणाची कुंची घालून फोटो काढले, मग उकडतंय म्हणून ती काढली. आत रोम्पर होता, बापाच्या मित्रांनी दिलेला. घरात नव्वदीच्या पुढची पणजी आहे, तिला सगळे मोठी आई म्हणतात. तिनं बाळाला मांडीवर घेतलं आणि विचारलं, "काय लिवलंय रं ह्येच्या छातीवर?"

कुणी बोलेना. इंजिनिअरिंगला असलेला एक पोरगा म्हणाला, "काय नाही मोठी आई, इंग्लिश आहे."

"इंग्लिश हाय ते दिसूलालंय. काय लिवलंय ते सांग."

त्यानं बापाकडं बघितलं. बाप दारातल्या चपला मोजत होता. शेवटी पोरगं म्हणालं, "लिवलंय की, माझा बाबा सारखा मोबाइलवर गेम खेळत बसत नाही, ह्याचा मी पुरावा हाय."

मोठी आई क्षणभर गप्प राहिली. मग तिला उलगडलं, आणि ती अशी हसली की बाळ दचकून रडायला लागलं. "खरं हाय की!" म्हणाली. "पन ते ह्यो का सांगूलालाय? बापाला घाल की ती अंगी."

मला वाटलं होतं ती चिडेल. वाटायलाच नको होतं. हीच बाई डोहाळजेवणात बायका जमल्या की असल्या ओव्या म्हणते की मला त्या इथं लिहिता येणार नाहीत. चावटपणाचं तिला काही नाही. तिनं फक्त बोट ठेवलं ते बोलतो कोण ह्यावर. ह्या सगळ्या ओळी 'मी'नं सुरू होतात, तुमच्या लक्षात आलंय का? मस्करी बापाची, पैसे मित्रांचे, आणि 'मी' कोण, तर ज्याला अजून होकारही देता येत नाही तो. माझं उत्तर मी तिथून उसनं आणलं.

ह्यावर एक गिऱ्हाईक माझ्याशी चांगला वाद घालून गेलं. मास्तर आहेत, खानापूर तालुक्यात. म्हणाले, काकू, आपल्या लोकांनी तर पोरांची नावंच धोंडू, दगडू, केरबा, भिकू ठेवली. कन्नडमध्ये तिप्पण्णा, तिप्पे म्हणजे उकिरडा. अख्खा जन्म ते नाव वागवलं माणसांनी, आणि तुम्ही तीन महिन्यांत आखूड होणाऱ्या रोम्परचं काय घेऊन बसलात? धोंडो केशव कर्व्यांच्या नावात धोंडाच होता, 1958 साली भारतरत्न मिळायला तो आड आला काय?

मास्तरांचं बिनतोड होतं. दोन दिवस माझ्या डोक्यातून गेलं नाही. माझ्या आईचा एक भाऊ केरबा होता. त्याच्या आधीची दोन गेली होती. हा जन्मला तेव्हा त्याला सुपात घालून केरात ठेवला आणि शेजारणीनं उचलून परत आणून दिला, की बघ, मला केरात पोर सापडलंय. काळानं, सटवाईनं, वाईट नजरेनं, कुणीही ह्याच्याकडं ढुंकून बघू नये म्हणून ते नाव. आई सांगायची, आजी त्याला हाक मारताना 'केरबा' इतकं जपून म्हणायची की देवाचं नाव वाटावं. शब्द घाणीचा खरा, पण तो पोराला झाकायला घातला होता, पांघरुणासारखा. रोम्परवरची ओळ पोराला झाकत नाही, चारचौघांत पुढं करते. मास्तर पुन्हा आले तेव्हा हे सांगितलं. त्यांना पटलं नाही. झबली मात्र पाच नेली, कोरी.

आणि लिहिण्याचंच म्हणाल तर आपल्याकडं बाळावर लिहिण्याचा मान एकटीचा. पाचवी-सहावीच्या रात्री आपण पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतो, सटवाई येऊन कपाळावर लिहून जाते. काय लिहिलं ते कुणाला वाचता येत नाही, हे तिचे उपकारच. बाराव्या दिवशी आत्या नाव सांगते तेही कानात, आधी 'कुर्र्र' करून. सगळ्या गावाला कळायच्या आधी ते त्या पोराला कळतं, भले त्याला काही न कळो.

आता आमच्या गावाबद्दल थोडं. अक्षरांवरून जितकी भांडणं आम्ही बघितलीत तितकी क्वचित कुणी बघितली असतील. 2014 साली बेळगावजवळच्या येळ्ळूर गावात 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेला फलक काढण्यावरून केवढं रण माजलं, ते इथल्या कुणाला सांगायला नको. त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला बेळगावचं कागदोपत्री बेळगावी झालं. 2024 मध्ये दुकानाच्या पाटीवर साठ टक्के कन्नड पाहिजे असा कायदा आला, तेव्हा गल्लोगल्ली लोक टेप घेऊन आपापली पाटी मोजत होते. माझ्या पाटीवरचं 'बाळंतविडा' तेव्हा इतकं बारीक झालं की ते आता मलाच चष्म्याशिवाय दिसत नाही. असं हे गाव. कुठलं अक्षर वर, कुठलं खाली, किती इंच, हे आम्ही रस्त्यातून जाता जाता टिपतो. आणि त्याच घरातलं पोर छातीवर काय लिहून घेऊन फिरतंय ते वाचायला आम्हाला सवड नाही, कारण ते मराठी नाही, कन्नड नाही, मग ते कुणाचंच नाही.

ह्यात मी स्वतःला वगळत नाही. बेळगाव कर्नाटकात घातलं त्याचा निषेध म्हणून 1 नोव्हेंबरला मराठी माणूस इथं काळा दिन पाळतो. एका वर्षी एका कार्यकर्त्यानं चार महिन्यांच्या पोरासाठी काळं झबलं शिवून घेतलं, वर पांढऱ्या अक्षरांत घोषणा. मी शिवलं. अभिमानानं शिवलं. तिकडं त्याच दिवशी कर्नाटकाच्या राज्योत्सवात कन्नड झेंड्याचं लाल-पिवळं घालून तेवढीच पोरं खांद्यावर बसलेली असतात. संक्रांतीच्या बोरन्हाणाला काळं झबलं मी दरसाल शिवते, त्यावर हलव्याचे दागिने चढतात, पोर बोरं वेचतं, खाऊन टाकतं. ते काळं त्या पोराचं असतं. घोषणेचं काळं त्याच्या बापाचं होतं, आणि माझंही. आज कुणी मागितलं तर मोठ्या माणसाचा शर्ट शिवून देईन, झबलं नाही. कार्यकर्ते रागावतील, रागावू देत.

परदेशात हे सगळं खपून जातं असं समजू नका. ऑस्ट्रेलियातल्या एका मोठ्या कपडेवाल्यांनी 2009 च्या सुमारास बाळाच्या शर्टावर 'हे लोक मला गदागदा हलवतात' अशा अर्थाची ओळ छापली होती. रडणाऱ्या तान्ह्याला हलवलं की मेंदूत रक्त साचून ते जाऊ शकतं, ज्यांच्या घरात असं घडलंय त्यांनी ते कसं वाचायचं? ओरड झाली, माल मागं घ्यावा लागला. 2018 मध्ये एच अँड एमनं एका काळ्या मुलाला 'जंगलातलं सगळ्यात भारी माकड' लिहिलेली हुडी घालून फोटो छापला आणि जगभर शिव्या खाल्ल्या. आता माकड हा काही वाईट शब्द नव्हे. मी माझ्या नातवाला दिवसातून दहा वेळा माकड म्हणते. पण ते मी म्हणते, घरात, त्याच्यामागं धावताना. तोच शब्द कापडावर गेला की म्हणणारा नाहीसा होतो आणि वाचेल त्याचा तो होतो. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या हिणवायला तो शब्द वापरला, त्यांच्या पोरावर तो काय होतो हे छापणाऱ्याला कळलं नाही, इतकंच.

मुलींच्या कपड्यांवर जे येतं त्याबद्दल मी थोडक्यात सांगते, कारण त्यात वाद घालण्यासारखं मला काही दिसत नाही. सहा महिन्यांच्या पोरीच्या छातीवर ती कुणाची तरी 'मैत्रीण' आहे किंवा पोरांना वेड लावते, असं लिहिलेलं माझ्या दुकानात शिवलं जात नाही. विचारूही नका.

बाकी शी, शू, ढेकर, लाळ हे सगळं मला चालतं. ते बाळाचं स्वतःचं आहे आणि त्याबाबत ते कुणापुढं लाजतही नाही. बाळंतिणीच्या खोलीत ह्याखेरीज दुसरं बोलणं असतं तरी काय?

तर मोठ्या आईच्या त्या बोलण्यावरून मी एक रीत ठरवली. कुणी असली ओळ घेऊन आलं की मी नाही म्हणत नाही. आधी तीच ओळ बापाच्या मापाच्या शर्टावर काढून देते, मराठीत. तो घालून त्यानं एकदा बाजारातून फिरून माझ्या दुकानात यायचं. आला तर बाळाचं मी फुकट शिवून देणार. शर्ट तीन-चार जणांनी नेले. परत कुणी आलं नाही, आणि मी निर्धास्त झाले होते.

गेल्या महिन्यात खानापूरचा एक तरुण आला, अंगात मी शिवलेला शर्ट. छातीवर हातभर अक्षरांत: 'पादलं कोण? बाळ!' बसनं आला होता, तसाच. कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता विचारलं म्हणे, "एन बर्दैत्री अंगी म्याल?" म्हणजे अंगीवर काय लिहिलंय? ह्यानं कन्नडमध्ये अर्थ सांगितला. कंडक्टरनं तो पुढं ड्रायव्हरला सांगितला, ड्रायव्हरच्या मागच्या बायकांनी ऐकला, आणि बेळगाव येईपर्यंत अख्खी गाडी ह्याच्या बाळाची चौकशी करत होती: मुलगा की मुलगी, कितव्या महिन्यात बसायला लागलं, गुटी देता की नाही.

मग मशिनीवर बसले. मऊ मलमल घेतली, रबर नाही, दोऱ्यानं भरलं, निळ्या: 'पादलं कोण? बाबा!' बाबांचा काना दोनदा तपासला.