आधी विचारायचं, मग हात लावायचा

एक खोली, घडीचं एक टेबल आणि आम्ही दोघी, अशी आमची सुरुवात झाली. मसाज रीतसर शिकलो होतो, हातही बऱ्यापैकी बसला होता. मात्र जितकं रगडू तितका गुण, असं दोघींच्याही डोक्यात पक्कं होतं. येणारेही तेच मागायचे, "जोर लावा, मला सहन होतं." आम्ही जोर लावायचो.

पहिल्याच वर्षी एक गृहस्थ पाठ धरली म्हणून आले. मी अर्धा तास कोपराने त्यांची कंबर दाबली. जाताना खूश होते. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलीचा फोन आला, पाठभर काळेनिळे डाग उठले होते. रक्त पातळ ठेवणारी गोळी ते रोज घेत होते. त्यांनी ते सांगितलं नाही, कारण मी विचारलंच नव्हतं. मी घरी जाऊन माफी मागितली. त्या रात्री झोप लागेना, तेव्हा बसून प्रश्नांचा एक कागद तयार केला. आमचा सगळा व्यवसाय आजही त्याच कागदावर उभा आहे.

औषधं कोणती, ताप आहे का, अलीकडे शस्त्रक्रिया झाली का, हाडं ठिसूळ आहेत का, पायाला स्पर्श नीट कळतो का, हे सगळं त्यात आहे. पोटरीचा प्रश्न वेगळा, ठळक अक्षरात. एकाच पायाची पोटरी सुजलेली, गरम आणि दुखरी असेल तर चोळायची नाही. आतल्या शिरेत रक्ताची गुठळी असू शकते आणि ती सुटून फुप्फुसापर्यंत जाऊ शकते. कंबर दुखतेय आणि बैठकीची जागा बधिर झालीय किंवा लघवीवरचा ताबा गेलाय, असं कुणी म्हणालं तर थेट रुग्णालय गाठायला सांगतो. अशा वेळी आम्ही पैसे घेत नाही.

विचारायची सवय लागली तसे हातही बदलले. एक शिक्षिका कानशिलाच्या ठणक्यासाठी यायच्या, आणि आम्ही आपलं कपाळच चोळत बसायचो. एकदा मान आणि खांदा यांच्या मधला जाड स्नायू मी चिमटीत हलकेच धरला, तशा त्या म्हणाल्या, "थांबा, तोच ठणका, डोळ्यामागे जाणारा!" दुखणं एकीकडे आणि त्याचं मूळ दुसरीकडे, हे मी पुस्तकात वाचलं होतं. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या पाठदुखीवर उपचार करणाऱ्या डॉ. जॅनेट ट्रॅव्हल यांनी अशा दुखऱ्या जागांचे नकाशेच करून ठेवलेत. अशा दुखऱ्या जागी स्नायूत हाताला लागणारी गाठ म्हणजे नेमकं काय, यावर जाणकारांत अजून वाद आहे. म्हणून "गाठ फोडून देतो" असं आम्ही कुणाला सांगत नाही.

पहिल्या पत्रकात "साचलेलं लॅक्टिक ॲसिड बाहेर काढतो" असं मोठ्या दिमाखात छापलं होतं. तेही काढून टाकलं. ते तर व्यायामानंतर तास-दोन तासांत शरीर आपलं आपणच निस्तरतं. पळून आल्यावर २४ ते ७२ तासांत पाय सर्वांत जास्त भरून येतात, ते स्नायूंना झालेल्या बारीक इजेमुळे. मसाजने तो ठणका काहीसा कमी होतो, आणि तेवढंच सांगणं खरं.

आता दाब किती हवा ते ० ते १० मध्ये विचारतो आणि ६ च्या पुढे जात नाही. श्वास अडकला, मुठी वळल्या की स्नायू उलट आखडतो. ठेच लागली की आपला हात आपोआप तिथे जातो आणि आपण चोळतो. स्पर्शाचा निरोप वेदनेच्या निरोपाला कण्यातच अडवू शकतो, हा विचार १९६५ मध्ये मेल्झॅक आणि वॉल या वेदनेवर संशोधन करणाऱ्या दोघांनी मांडला. त्याला रगडावं लागतंच असं नाही.

रगडण्याची किंमत आमच्या अंगालाही मोजावी लागली. माझ्या जोडीदारणीचा अंगठा इतका दुखावला की तिला बाटलीचं झाकण उघडता येईना. तेव्हापासून टेबल खाली घेतलं. सरळ उभं राहून हात सोडले की मुठीची हाडं टेबलाला टेकतात, एवढीच उंची. वजन पायांतून येतं आणि अंगठ्याऐवजी कोपरापुढचा हात काम करतो. दिवसाला एकीने पाचच जणांना घ्यायचं, हेही ठरवलं. मिळकत घटली, पण ती आजही काम करतेय, हे माझ्या लेखी जास्त मोलाचं.

आज तीन टेबलं आहेत, माणसं पाच. नवीन मुलीला पहिले काही आठवडे फक्त कागद भरून घ्यायला बसवतो. परवा तिने एकांना ताप होता म्हणून एकटीनेच परत पाठवलं आणि नंतर घाबरून विचारत होती, "ताई, चुकलं का माझं?" मी वहीत तो तास पूर्ण म्हणून मांडला आणि त्याचे पैसे तिच्या हातात दिले.