लॉक्सची निवड आणि निगा

घट्ट कुरळ्या केसांचे लॉक्स, म्हणजे केस गुंतवून केलेल्या दोरीसारख्या बटा (ड्रेडलॉक्स), करायचे ठरवल्यावर बहुतेकांचे लक्ष लांबीकडे जाते, परंतु माझ्या मते खरा निर्णय भांग पाडून केलेल्या भागांच्या आकाराचा, म्हणजेच प्रत्येक लॉकच्या जाडीचा, असतो, कारण बारीक लॉक्स पुढे जोडून जाड करता येतात, मात्र जाड झालेला लॉक केस न तोडता विभागणे फार अवघड जाते. सुरुवात कंगव्याने वळलेल्या बटांनी करता येते किंवा दोन पदरी पिळांनी. पिळांची नक्षी कित्येक महिने दिसत राहते, ती आवडत असेल तरच हा मार्ग धरावा. वारंवार पोहणाऱ्यांना मुळाशी बट ओवून घेण्याची, म्हणजे इंटरलॉकिंगची, पद्धत अधिक सोयीची पडते, कारण ती धुतल्यावर सहसा सुटत नाही.

निगेत सर्वाधिक नुकसान अतिउत्साहाने होते. साधारण ४ ते ६ आठवड्यांनी मुळे पुन्हा वळणे पुरेसे असते. टाळू ताणली जाईल इतके घट्ट वळत राहिल्यास कपाळाच्या कडेचे केस विरळ होऊ लागतात आणि हा ताण दीर्घकाळ टिकला, तर ते पुन्हा न उगवण्याचा धोका असतो. मेण मी कोणालाही सुचवणार नाही. ते आत साचते व सहज निघत नाही. केस धुणे मात्र टाळू नये. धुतल्यावर बट बोटांत दाबून पाहावी: वरून कोरडी भासणारी बट आत गार लागली, तर ती अजून ओली आहे, आणि तशीच बांधून झोपल्यास कुबट वास धरते. झोपताना सॅटिनचा रुमाल बांधावा, कारण सुती अभ्र्याचे तंतू बटांत अडकतात आणि मग चिमट्याने एकेक काढत बसावे लागते.