काकांना चंद्रावरून खाली उतरव

शाळेच्या स्मरणिकेसाठी चार ओळी लिहून द्या, असं पत्र आलं आणि मला ना इमारत आठवली, ना मैदान. आठवला तो वहीतला लाल शाईचा शेरा: 'काकांना चंद्रावरून खाली उतरव.'

आमच्या इंग्रजीच्या बाई. नाव लिहीत नाही. जिन्यात पावलं वाजली की कोणते वर्ग चिडीचूप होत, हे इथं कुणाला सांगायला नको. भाषांतराला वाक्य होतं, 'माय अंकल व्हिजिट्स अस वन्स इन अ ब्लू मून.' मी ठोकून दिलं, 'माझे काका निळ्या चंद्रावर एकदा आम्हाला भेटतात.' बाईंनी ते मोठ्यानं वाचलं. हसल्या नाहीत.

'काका येतात कधी?'

'क्वचित.'

'मग तेच लिही की!'

मागच्या बाकावरून कुणीतरी हुशारी केली, 'कपिलाषष्ठीचा योग!' बाई म्हणाल्या, 'त्याला तिथी, वार, नक्षत्र, सगळं जुळून यावं लागतं. काकांना यायला नुसती इच्छा पुरते.' मग बजावलं, की हा वाक्प्रचार फार क्वचित, पण पुन्हा पुन्हा घडणाऱ्या गोष्टीचा. 'काल तो मला वन्स इन अ ब्लू मून भेटला' असं म्हणायचं नाही.

आज मी भाषांतरावरच पोट भरतो. यंत्रानं केलेले मसुदे तपासायला येतात. त्यात कुणाचे ना कुणाचे काका अजून चंद्रावरच असतात. लाल पेन हातात घेतलं की बाई आठवतात. आता मुलांच्या वह्यांवर नुसत्या बरोबरच्या खुणा दिसतात. शेरे लिहायला वेळ कुणाला?

चंद्र कधी निळा होतच नाही, असं बाई म्हणाल्या होत्या. पुढं वाचनात आलं, की १८८३ साली इंडोनेशियातला क्राकाटोआ ज्वालामुखी फुटला, तेव्हा हवेतल्या राखेमुळे चंद्र खरोखरच निळसर दिसला होता. आणि एका महिन्यातल्या दुसऱ्या पौर्णिमेला, म्हणजे साधारण पावणेतीन वर्षांनी येणाऱ्या, ब्लू मून म्हणतात ते १९४६ साली एका अमेरिकी खगोल-मासिकात झालेल्या गफलतीतून रूढ झालं. वाक्प्रचार त्याहून कितीतरी जुना.

कार्यक्रमाला बाई येणार असतील, तर मला त्यांच्या जवळची खुर्ची द्या. क्राकाटोआचं सांगायचं राहिलंय.