अकरा महिन्यांच्या घरातली सुरक्षितता

पुण्या-मुंबईत भाड्याने घर घेताना भाडे, डिपॉझिट, पाणी आणि पार्किंग यांवर आपण तासन्‌तास घासाघीस करतो. पण बाथरूममधला गीझर कोणी आणि कधी बसवला, मुख्य दाराच्या किल्ल्या आजवर किती जणांच्या हातात गेल्या, हे विचारायचे आपल्या मनातही येत नाही. लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या वापर-परवान्याच्या करारावर, दर अकरा महिन्यांनी हात बदलणाऱ्या घराची खरी अडचण इथेच आहे. मालक तिथे राहत नाही, त्यामुळे त्याला बिघाड दिसत नाही. राहणारा म्हणतो, वर्षभराने जायचेच आहे तर खर्च कशाला करा. आणि दलाली हाती पडली की एजंटाचा संबंध संपतो. अशा घराच्या देखभालीला कोणी वालीच उरत नाही. म्हणून टोकन देण्याआधी भाडेकरूने स्वतः, सावकाश आणि भरपूर उजेडात घराची पाहणी करावी, असे माझे ठाम मत आहे.

गेल्या हिवाळ्यात भाचीसाठी कोथरूडमध्ये घरे पाहत असताना एका घरात गॅस गीझर थेट बाथरूमच्या आत बसवलेला दिसला. वर झडपांची लहानशी खिडकी होती, पण थंडीचा वारा येऊ नये म्हणून आधीच्या भाडेकरूंनी तिच्या सगळ्या फटी पॅकिंगच्या चिकटपट्टीने बुजवून टाकल्या होत्या. बंद जागेत गॅस जळत राहिला की प्राणवायू कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होऊ लागतो. सिलिंडरमधला गॅस गळला तर कळावे म्हणून त्यात मुद्दाम वास मिसळलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला मात्र ना वास ना रंग. डोके जड होते, गरगरते, मळमळते आणि दाराची कडी काढायला हात पुढे होण्याआधीच शुद्ध हरपू शकते. थंडीच्या दिवसांत अशा मृत्यूंच्या बातम्या आपण वाचतो आणि पान उलटतो. गीझर ड्राय बाल्कनीत हलवला आणि खिडकी मोकळी केली तरच घर घेऊ, असे आम्ही मालकांना स्पष्ट सांगितले आणि त्यांनी ते काम करून दिले. मागितले नसते, तर ते झाले नसते.

शेगडीची नळीही त्याच वेळी पाहून घ्यावी. तिच्यावर उत्पादनाचे वर्ष छापलेले असते आणि साधारण ५ वर्षांनी ती बदलायची असते. गॅस गळतीसाठी १९०६ हा क्रमांक स्वयंपाकघरातच लिहून ठेवावा. विजेच्या पेटीत एमसीबी, म्हणजे भार वाढला की पडणारे खटके, बहुतेक घरांत असतातच. परंतु माणसाला विजेच्या धक्क्यापासून वाचवते ती ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा खटका, आणि जुन्या इमारतींत अनेकदा नेमकी तीच नसते. असली तर तिचे टेस्टचे बटण दाबून खटका पडतो का, हे मालकासमोरच पाहावे. मुख्य दाराच्या लॅचचा सिलिंडर, म्हणजे किल्ली फिरते तो कुलपाचा भाग, मालकाच्या संमतीने पहिल्याच दिवशी बदलावा, कारण जुन्या किल्ल्यांचा हिशेब कोणालाच देता येत नाही. खिडक्यांना बाहेरून पिंजऱ्यासारखे ग्रिल असेल, तर त्यात आतून उघडणारी झडप हवी. नाहीतर चोर बाहेर राहील, पण आग लागली तर माणसेही आतच राहतील.

आता कागदपत्रांविषयी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. ती टाळल्यास ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय नोंदणी नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. तरीही ‘नोटरी करून घेऊ, चालतं’ असे सांगणारे एजंट भेटतातच. महिना २०,००० रुपये भाडे आणि १ लाख डिपॉझिट असेल, तर अकरा महिन्यांच्या करारावरचे मुद्रांक शुल्क ६०० रुपयांच्या आत बसते आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये पडते. एवढ्या रकमेसाठी लाखाचे डिपॉझिट नोटरीच्या भरवशावर ठेवू नये. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती मालकाने दिली आहे ना, याची पोचही मागून घ्यावी.

समोरचा माणूस खरोखर मालक आहे का, हे त्याच्या बोलण्यावरून ठरवू नये. सूची क्रमांक २ (इंडेक्स टू, म्हणजे घराच्या नोंदणीकृत व्यवहाराचा सरकारी उतारा), मालमत्ता कराची पावती आणि सोसायटीचे देखभाल बिल यांवरची नावे जुळवून पाहावीत आणि सोसायटीच्या सचिवांना प्रत्यक्ष भेटावे. ‘मी लष्करात आहे, बदली झाली आहे, टोकन पाठवा, किल्ली रखवालदाराकडे मिळेल’ असे सांगून क्यूआर कोड पाठवणाऱ्यांनी अनेकांना गंडवले आहे. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. पैसे गेलेच, तर लगेच १९३० वर तक्रार नोंदवावी. आधारची प्रत देताना पहिले आठ अंक झाकलेली प्रत द्यावी आणि तिच्यावर कारण व तारीख लिहावी.

मुंबईतल्या हेवी डिपॉझिटच्या व्यवहाराबाबत मला विशेष काळजी वाटते. भाडे वाचते म्हणून लोक आयुष्याची पुंजी एकरकमी देऊन बसतात. घर बँकेकडे गहाण असेल आणि मालकाचे हप्ते थकले, तर बँक ताबा घ्यायला येते तेव्हा राहणाऱ्याच्या हातात फारसे काही उरत नाही. घरावर कर्ज आहे का, ते कोणत्या बँकेचे आहे आणि घर भाड्याने द्यायला तिची संमती आहे का, हे लेखी मागावे. गीझरची जागा, आरसीसीबी, कुलूप आणि दुरुस्तीचा खर्च कोणाचा, यांच्या ओळीही जादा अटी म्हणून करारातच घालाव्यात. मसुदा सही होण्याआधी आपल्याकडे वाचायला येतो, तेव्हाच त्या सांगायच्या असतात.