पुढं अठरा, मागं अठ्ठावीस

दुचाकीवर हात बसलेल्या माणसाला तीनचाकीवर बसवलं की पहिल्याच वळणाला तो दचकतो. पडेन म्हणून नव्हे, पडत नाही म्हणून. अंग सवयीने आत झुकतं, गाडी मात्र ताठच्या ताठ राहते आणि वर आपल्यालाच बाहेर ढकलते. वेगातल्या दुचाकीला डावीकडे न्यायचं तर डावं हँडल किंचित पुढे रेटायचं असतं. म्हणजे चाक क्षणभर उजवीकडे वळतं आणि मग गाडी डावीकडे कलते. हे आपण जन्मभर करतो आणि करतोय याचा पत्ताही नसतो. तीनचाकीवर तोच हात केला तर गाडी निमूटपणे उजवीकडे निघते. लुनावर शिकलेल्या माझ्या हातांना ही खोड मोडायला पहिला उन्हाळा पुरला नाही.

माझी गाडी आहे कॅन-ॲम स्पायडर आरटी. पुढे दोन चाकं, मागे एक, हँडल मोटरसायकलीचं. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात व्हाल्कूर नावाचं एक लहान गाव आहे. तिथे मुख्यालय असलेल्या बीआरपी कंपनीने 2007 साली ही जात रस्त्यावर आणली, आणि लांब पल्ल्याची आरटी 2010 च्या मॉडेलपासून आली. त्याच घराण्याने 1959 मध्ये बर्फावर चालणारी स्की-डू काढली होती. आजच्या स्नोमोबाइललाही पुढे दोन स्की आणि मागे एकच पट्टा असतो, त्यामुळे स्पायडरचा चेहरा कुणावर गेलाय हे वेगळं सांगायला नको. इथे, नॉर्थ कॅरोलिनात, ती चालवणारे बरेचसे माझ्यासारखेच. गुडघे कुरकुरतात, चारशे किलोंच्या वरचा ऐवज सिग्नलला पायांवर तोलायची हिंमत उरलेली नाही, आणि वारा मात्र तोंडावर हवाच आहे.

दुचाकी वळणात झुकते तेव्हा बाहेर फेकणारा जोर बराचसा त्या झुकण्यात जिरतो. चाकाला कडेने रेटा फारसा बसतच नाही. तीनचाकी झुकत नाही. (झुकणाऱ्याही आहेत, पियाजिओची एमपी3, यामाहाची निकेन. पण त्या मनाने दुचाकीच.) मग तो सगळा कडेचा रेटा कुणी सोसायचा? टायरच्या भिंतींनी. आणि भिंती म्हणजे रबर आणि धागे, त्यांना ताठ ठेवते ती आतली हवा. दोन पौंड हवा (म्हणजे दर चौरस इंचाला दोन पौंडांचा दाब) इकडची तिकडे झाली तर मोटारवाल्याला बहुधा कळणारही नाही. मला ती तळहातांत कळते.

मामा कऱ्हाडहून आले होते तेव्हा त्यांनी पोर्चमध्ये गाडीला एक प्रदक्षिणा घातली. मामांनी कऱ्हाडच्या स्टँडवर वर्षानुवर्षं रिक्षा चालवली. तीन चाकांच्या बाबतीत घरात त्यांचा शब्द अखेरचा. त्यांना पहिली शंका आली ती रचनेची. "दोन फुडं आन् एक मागं? उलटं बसवलंय का काय?" मग ते उकिडवे बसले, पुढच्या टायरच्या भिंतीवर अंगठा दाबला आणि म्हणाले, "पोरी, फुडची दोन्ही चाकं बसल्यात."

"अठरा आहे मामा. बरोबर आहे."

"अठरा? आगं, सायकलीत बी ह्याच्या दुप्पट मारत्यात!"

खरंच मारतात. स्पायडरच्या पुढच्या टायरांत मॉडेलप्रमाणे साधारण 15 ते 20 पौंड आणि मागच्यात 28 च्या आसपास हवा असते. मी पुढं अठरा, मागं अठ्ठावीस ठेवते. टायर दिसायला मोटारीचे, पुढचे 165 मिलिमीटर रुंद आणि मागचा चांगला 225, पण पुढचा भार मोटारीच्या मानाने फारच कमी. हवेचा हिशेब भाराशी असतो, टायरच्या आकाराशी नव्हे. समजा एका पुढच्या चाकावर दीडशे किलो येतात. 18 पौंड म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सव्वा किलोच्या जरा वर. म्हणजे ढोबळ मानाने 120 चौरस सेंटिमीटर रबर जमिनीला टेकतं. आपलं पोस्टकार्ड जवळपास तेवढंच. हवा 25 केली की त्याच पोस्टकार्डाचा पाव भागाहून थोडा जास्त भाग कापला जातो.

सुकाणू सगळं त्या पोस्टकार्डात आहे. हँडल वळवलं की चाक वळतं, पण जमिनीला टेकलेलं रबर लगेच वळत नाही. ते पिळवटतं. चाकाचं तोंड एकीकडे आणि गाडी प्रत्यक्ष जाते ती त्याहून थोडी कमी वळून. ह्या दोन दिशांमधला जो कोन असतो, त्यातूनच वळवणारा जोर निघतो. हवा कमी असली की तेवढाच जोर काढायला रबराला जास्त पिळवटावं लागतं. म्हणून हँडल जास्त वळवावं लागतं आणि गाडी ऐकते, पण उशिरा. शिवाय पोस्टकार्ड लांबट झालेलं असतं, त्यामुळे चाकाला सरळ करू पाहणारा जोर वाढतो आणि हँडल जड होतं. स्पायडरला विजेवर चालणारं पॉवर स्टिअरिंग आहे. ते हा जडपणा लपवून टाकतं, पण उशीर त्याला लपवता येत नाही. हात वळलाय, गाडी अजून विचारात आहे, असा एक अर्धा क्षण असतो. तो एकदा ओळखीचा झाला की विसरता येत नाही.

हवा जास्त झाली की याच्या उलट. गाडी उतावीळ होते. शिंक आली तरी लेन बदलते. महामार्गावर शेजारून मोठा ट्रक गेला की हँडल हातात थरथरतं आणि तासाभराने खांदे कानांना टेकतात. मागच्या टायरची तऱ्हा आणखी वेगळी. तो सपाट आणि रुंद, त्यात हवा जास्त भरली की मधला भाग फुगतो आणि गाडी एका अरुंद पट्टीवर तोल सांभाळत चालते. कमी झाली तर शेपूट हलायला लागतं. वळणात पुढची चाकं ठरवतात एक आणि मागचं चाक आपली वेगळी भर घालतं. पुढे कडक आणि मागे मऊ ही जोडी सगळ्यांत वाईट. म्हणून नुसता पुढचा आकडा विचारणाऱ्याला मी मागचाही सांगते.

गाडी भरकटते अशी तक्रार करत येणारे आधी पॉवर स्टिअरिंगवर संशय घेतात, मग चाकांची रेषा लेझर लावून तपासून घेतात. त्यात तथ्य असतंही कधी कधी. पण दोन मिनिटं आणि एक गेज एवढ्या भांडवलात जे कळतं ते शेवटी का बघायचं, हे मला कळत नाही. गेजही धड पाहिजे. 100 पौंडांपर्यंत मोजणाऱ्या पेन्सिलछाप गेजला 16 आणि 18 यांतला फरक म्हणजे नजरेचा खेळ.

गंमत अशी, की हवेचा टायर रुळला तोच मुळी एका तीनचाकीमुळे. बेलफास्टमधले स्कॉटिश पशुवैद्य जॉन बॉयड डनलॉप यांच्या मुलाची ट्रायसिकल भरीव रबराच्या चाकांवर खडखडायची. त्यांनी लाकडी चकतीभोवती रबरी नळी बसवली, फुटबॉलच्या पंपाने फुगवली आणि ती चकती व ट्रायसिकलचं जुनं चाक, दोन्ही अंगणात घरंगळत सोडली. जुनं चाक वाटेतच आडवं झालं, हवेचं अंगण पार करून गेलं. 1888 साली त्यांनी पेटंट घेतलं. ते पुढे रद्द झालं, कारण रॉबर्ट विल्यम थॉमसन नावाच्या दुसऱ्या स्कॉटिश माणसाने हेच 1845 मध्ये नोंदवून ठेवलं होतं, घोडागाड्यांसाठी. डनलॉपना पोराची हाडं खिळखिळी होऊ द्यायची नव्हती, इतकंच. त्या हवेवर कुणी वळणं घेईल आणि पौंडा-पौंडावरून डोकं खाजवेल, हे त्यांच्या गावीही नसावं.

हवा स्वस्थ बसत नाही हा खरा ताप. तापमान 10 अंश फॅरनहाइटने उतरलं की टायरातला 1 पौंड जातो, असं इथे सगळ्यांना पाठ असतं. तो हिशेब मोटारीच्या 32 पौंडांचा. माझ्या 18 मधून अर्ध्याहून थोडा जास्त जातो, पण 18 मधला अर्धासुद्धा मोठा असतो. ऑक्टोबरात शार्लटला सकाळी 45 अंश आणि दुपारी 75. तेवढ्यात जवळपास दहा टक्के हवा येते-जाते. पोर्चमध्ये एका चाकावर ऊन आणि दुसरं सावलीत असलं तरी गेज दोन आकडे दाखवतं. अशा वेळी हवा भरू नये, चहा प्यावा. ऊन सरकलं की दोघांचं जमतं.

डोंगर चढतानाही तेच. ब्लू रिज पार्कवे या इथल्या डोंगररस्त्याचं सर्वांत उंच ठिकाण रिचलंड बाल्सम, 6053 फूट. खालचं ॲशव्हिल शहर आहे 2100 च्या आसपास. एवढं चढलं की बाहेरच्या हवेचा दाबच पावणेदोन पौंडांच्या आसपास उतरतो, आणि गेज तर आतल्या-बाहेरच्या दाबांमधला फरकच मोजतं, म्हणजे आकडा तेवढा वाढतो. थंडीमुळे आत निम्मं परत कमी होतं, चालून टायर तापला की पुन्हा वाढतं. म्हणून वर पोचल्यावर मी गेज काढतच नाही. थंड टायरचा, घरचा आकडा तो खरा.

पावसात मात्र कमी पौंडांची मला धास्ती वाटते. व्हर्जिनियातल्या नासाच्या लँगली केंद्रात वॉल्टर हॉर्न यांनी 1960 च्या दशकात विमानांच्या टायरांवर काम करून एक सुटसुटीत नियम दिला. पौंडांचं वर्गमूळ काढा, त्याला 9 ने गुणा, तेवढ्या नॉट वेगाला साचलेल्या पाण्यावर टायर तरंगू लागतो. 36 पौंडांना 54 नॉट, म्हणजे ताशी 100 किलोमीटर. 16 पौंडांना 36 नॉट, म्हणजे जेमतेम 67. नक्षी शाबूत असलेल्या टायरला हे जसंच्या तसं लागू होत नाही, पण कल कुणीकडे आहे ते कळतं. त्यात तीनचाकीच्या तीन वाटा. पुढची दोन चाकं मोटारींनी पाडलेल्या चाकोऱ्यांत, म्हणजे नेमकी पाणी साचतं तिथे, आणि मागचं लेनच्या मधोमध, जिथे जगभरच्या इंजिनांचं ऑइल गळलेलं. मुसळधार लागला की मी सरळ बाजूला थांबते. मागून हॉर्न वाजवणाऱ्यांनी खुशाल वाजवावा.

मामांना घेऊन पार्कवेला गेलो त्या दिवशी पाऊस नव्हता. तिथे वेगमर्यादा बहुतेक ठिकाणी 45 मैल, मालट्रकांना बंदी, आणि रस्ता असा की सरळ जायचं रस्त्याच्याच मनात नाही. मामा मागे हेल्मेटमध्ये काहीतरी गुणगुणत होते. हँडलही त्या दिवशी विलक्षण शांत. रस्ता मधोमध उंच आणि कडेला उतरता असतो. दुचाकी हा उतार झुकून मुरवते, तीनचाकी तो हँडलला कळवते. इथे आपण उजव्या बाजूने चालतो, म्हणून सरळ पट्ट्यावर गाडी नेहमी जराशी उजवीकडे ओढते. त्या दिवशी अजिबात ओढत नव्हती. मला छानच वाटत होतं.

रिचलंड बाल्समला थांबलो. लोक दरीचे फोटो काढत होते. मामांनी आधी गाडीभोवती फिरून प्रत्येक टायरला तळहाताची मागची बाजू लावली. रिक्षा स्टँडवर आली की हे करायचंच, ही त्यांची जुनी शिस्त.

"डावं जास्त गरम हाय."

कमी हवेचा टायर जास्त चुरगळतो, म्हणून जास्त तापतो. वर पोचल्यावर गेज काढायचं नाही हा माझा नियम, पण डावं-उजवं ताडून बघायला ते चालतं. काढलं, तर डावं उजव्यापेक्षा तीन पौंडांनी कमी. गाडी मऊ टायरच्या बाजूला ओढते. म्हणजे डावं चाक तिला डावीकडे खेचत होतं, रस्त्याचा उतार उजवीकडे, आणि दोघांच्या भांडणात माझं हँडल मधोमध शांत बसलं होतं. मामांनी व्हॉल्वची टोपी काढली, बोट जिभेला लावलं आणि ओलं बोट व्हॉल्वच्या तोंडावर टेकवलं. मोहरीएवढा बुडबुडा आला, फुगला, फुटला, पुन्हा आला. शेजारच्या गाडीतली एक बाई फोटो काढायचं थांबवून बघत राहिली. पिन आवळायचं हत्यार माझ्या पेटीत होतंच. मामांनी पाव आटा फिरवला आणि पुन्हा बोट लावलं. बुडबुडा आला नाही.

तीन पौंड भरायला बाल्सम गॅपला उतरून वेन्सव्हिलच्या पेट्रोल पंपावर गेलो. तिथलं यंत्र नाणी टाकल्याशिवाय सुरूच होईना. मी पाकिटात नाणी शोधत होते आणि मामा त्या यंत्राकडे बघत होते.

"हवेचं पैसं?"

"दोन डॉलर."

"कऱ्हाडला पंपावर फुकट मारत्यात," मामा म्हणाले, आणि यंत्र चालू झाल्यावर दिलेल्या पैशांत बसतंय म्हणून मागच्या चाकाची हवाही तपासायला लावली. ती अठ्ठावीसच होती. मग पंपावर उभ्या असलेल्या एका अनोळखी मोटारीकडे बोट दाखवून म्हणाले, "त्येंना इचार की, यंत्र आजून दोन मिंटं चालू हाय."