एकोणीस सेकंद

नागरी रचनेची पदवी हातात पडली तेव्हा माझ्या पोर्टफोलिओत बेचाळीस पानं होती आणि एकाही पानावर खराखुरा माणूस नव्हता. रेंडरमध्ये, म्हणजे संगणकावर काढलेल्या खऱ्यासारख्या चित्रांत, चिकटवलेली माणसं मात्र ढीगभर. फुगा धरलेली मुलगी, सायकलवाला, बाकावर हसत बसलेलं जोडपं. सगळ्यांच्या सावल्या एकाच बाजूला पडतील याची मी रात्ररात्र जागून काळजी घेतली होती.

अकरा ठिकाणी अर्ज केले. सात जणांनी उत्तरच दिलं नाही, तिघांनी 'कळवतो' म्हणून सांगितलं ते आजतागायत कळवतायत. अकराव्या ऑफिसातल्या मॅडमनी पोर्टफोलिओ शांतपणे शेवटपर्यंत उलटला आणि विचारलं, "यातल्या कुठल्या जागी तू अर्धा तास नुसती बसली आहेस?"

मी थाप मारली. चौकाचं पान काढून पुढे केलं.

"बरं. दुपारी तीनला इथं सावली कुठं असते?"

मला सांगता आलं नाही. तरीही नोकरी मिळाली. त्यांच्याकडे त्या महिन्यात हात कमी पडत होते, एवढंच त्याचं कारण असावं.

पहिले आठ महिने मी काहीच डिझाइन केलं नाही. बेस मॅप केले. म्हणजे टेप घेऊन रस्त्यावर उतरायचं आणि फुटपाथची रुंदी, कडेच्या दगडाची उंची, झाडं, विजेचे खांब, चेंबरची झाकणं, कुठलं फाटक कुठं उघडतं हे सगळं मोजून कागदावर घ्यायचं आणि संध्याकाळी ऑफिसात येऊन क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये थराथराने चढवायचं. माझ्याबरोबर शिकलेले काही जण तेव्हा मोठ्या स्पर्धांची चकचकीत चित्रं टाकत होते. ती बघून पोटात कालवाकालव व्हायची, खोटं कशाला बोलू.

पण मोजण्यातून काही गोष्टी डोक्यात बसल्या त्या कायमच्या. एकदा मी बसथांब्याभोवती चारशे मीटरचं वर्तुळ काढलं. पाच मिनिटांचं चालणं म्हणजे साधारण चारशे मीटर, हे आमच्या शाखेतलं पाठांतर. वर्तुळाच्या आतली घरं रंगवली आणि 'एवढ्या लोकांना थांबा जवळ आहे' असं खाली लिहून दिलं. मॅडम म्हणाल्या, "कडेचं एक घर निवड आणि चालून ये." निघाले. मध्ये एक लांबलचक कुंपणभिंत होती, तिला वळसा, पुढे नाला, त्यावरचा पूल दुसऱ्याच टोकाला. थांब्यापर्यंत पोचायला अकरा मिनिटं लागली. तेव्हापासून मी वर्तुळ काढत नाही, रस्त्यांच्या जाळ्यावरून अंतर मोजते आणि सुरुवात घराच्या दारापासून करते. त्या भिंतीला एक छोटं फाटक पाडलं असतं तर अर्धं अंतर वाचलं असतं. आमच्या पेशातल्या कितीतरी प्रश्नांची उत्तरं फाटकाएवढीच असतात. पण फाटकाचं रेंडर छान येत नाही.

मग आली माणसांची मोजणी. याची पद्धत डॅनिश वास्तुरचनाकार यान गेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांमुळे जगभर पसरली. कोपनहेगनचा स्ट्रॉगेट हा मुख्य रस्ता १९६२ मध्ये गाड्यांना बंद झाला, आणि पुढची कित्येक वर्षं गेल तिथं लोक किती चालतात, किती थांबतात, कुठं बसतात याच्या नोंदी घेत राहिले. पद्धत साधी आहे. दर तासाला दहा मिनिटं मोजायचं आणि सहाने गुणायचं. दोन्ही हातांत क्लिकर, म्हणजे बटण दाबून मोजायचं छोटं यंत्र, डावा डावीकडे जाणाऱ्यांसाठी, उजवा उजवीकडे. पहिल्या दिवशी मी एका माणसाला दोनदा मोजलं, कारण तो काहीतरी विसरून परत फिरला होता. त्याचं काय करायचं हे अर्धा तास डोक्यात घोळत राहिलं. (दोनदाच मोजायचं. रस्ता त्याने दोनदा वापरला.)

चालणाऱ्यांपेक्षा थांबणाऱ्यांच्या नोंदीत मला जास्त रस वाटायला लागला. अमेरिकी अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी न्यूयॉर्कच्या चौकांवर कॅमेरे लावून टिपलेल्या निरीक्षणांबद्दल कॉलेजात वाचलं होतं. लोक बसतात तिथं, जिथं बसायला जागा असते. आणि खुर्ची हलवता येण्याजोगी असली तर माणूस बसण्याआधी ती उगाच इंचभर तरी सरकवतो. वाचताना हसू आलं होतं. आता मी स्वतः एका कोपऱ्यावर बसून बघत होते, की चांगले बाक रिकामे पडलेत आणि लोक विजेच्या पेटीच्या चौथऱ्यावर बसतायत. का? बाकांची पाठ रस्त्याकडे होती आणि समोर कोरी भिंत. चौथऱ्यावरून येणारीजाणारी माणसं दिसत होती.

वर्षभराने मला पहिल्या लोकसभेला, म्हणजे लोकांच्या बैठकीला हो, सोबत नेलं. आमच्याकडे बाजारपेठेच्या एका रस्त्याचं काम होतं. फुटपाथ रुंद करायचे, पार्किंग एका बाजूला आणायचं, दोन ठिकाणी रस्ता ओलांडायची सोय सुधारायची. मांडणी माझ्याकडे. मी पस्तीस स्लाइड केल्या, रस्त्यावरून उडत जाणारी चित्रफीतही केली, आणि चाळीस मिनिटं 'पब्लिक रिअल्म' नि 'ॲक्टिव्ह फ्रंटेज' असं काय काय बोलत सुटले. दिवे लागले. मागच्या रांगेतले एक काका उठले.

"ताई, छान आहे. पावसाचं पाणी कुठं जाणार?"

फुटपाथ रुंद केला की पाण्याची जुनी वाट बदलते. माझ्या चित्रात पाऊसच नव्हता. मी "ते पुढच्या टप्प्यात बघू" म्हणाले आणि तिथेच सभा हातची गेली. त्यानंतर एक तास लोक एकमेकांशी भांडत होते, आम्ही नुसते ऐकत.

खरी शिकवणी दुसऱ्या दिवशी झाली. इतिवृत्त मी लिहिलं होतं. पहिलंच वाक्य, 'नागरिकांनी प्रस्तावाचे स्वागत केले व काही सूचना मांडल्या.' मॅडमनी त्याच्यावर पेनाने आडवी रेघ मारली. "कोणी केलं स्वागत? नाव सांग. आणि 'काही सूचना' म्हणजे किती?"

अमेरिकी अभ्यासक शेरी आर्नस्टाइन यांची १९६९ सालची शिडी आम्हाला परीक्षेला होती. लोकसहभागाच्या आठ पायऱ्या. खालच्या दोन म्हणजे सहभागाचं सोंग, मधल्या तीन म्हणजे नावापुरतं विचारणं, वरच्या तिन्हींत लोकांच्या हातात खरंच काहीतरी येतं. परीक्षेत मी आठही ओळीने लिहून पूर्ण मार्क मिळवले होते. कालची आमची सभा तिसऱ्या पायरीवर होती, नुसती माहिती देण्याच्या, आणि माझं इतिवृत्त तिला सहाव्या पायरीवर, भागीदारीच्या, बसवू बघत होतं.

मग मी एक तक्ता केला. तीन रकाने. काय म्हणाले, त्यांच्याच शब्दांत. त्यावर आम्ही काय केलं. केलं नसेल तर का नाही. एकसष्ट ओळी झाल्या. तिसरा रकाना भरताना घाम फुटला, कारण पुष्कळ ठिकाणी खरं उत्तर 'आम्हाला सुचलंच नव्हतं' असं होतं. ते तसंच लिहायला मॅडमनी लावलं.

पुढच्या वेळी सभागृह घेतलंच नाही. फुटपाथवर टेबल मांडलं, त्यावर रस्त्याचा मोठा नकाशा पसरला, पेन्सिली ठेवल्या. सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते आठ, कारण लोक तेव्हा असतात. कोऱ्या कागदावर 'तुमचा रोजचा रस्ता काढून दाखवा' असंही सांगायचो. हे आमचं डोकं नाही. अमेरिकी नगररचनाकार केव्हिन लिंच यांनी बॉस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिसच्या रहिवाशांकडून आठवणीतली शहरं काढून घेतली होती आणि त्यावरून १९६० मध्ये वाटा, कडा, भाग, नाके आणि खुणा अशी पाच अंगं मांडली. आमच्या टेबलावर एका शाळकरी मुलाने कागदाच्या मधोमध एक कुत्रा काढला. त्या कुत्र्यामुळे तो रोज पलीकडच्या गल्लीतून जातो. पाच अंगांपैकी कुठल्यात बसवायचा, सांगा.

तिसऱ्या दिवशी एक आजी आल्या. हातात काठी. नकाशा बघितला नाही, पेन्सिल घेतली नाही. म्हणाल्या, "मला हे वाचता येत नाही बाळा. तू माझ्याबरोबर रस्ता ओलांड."

गेले. सिग्नल हिरवा झाला, आम्ही निघालो. मी सवयीने घड्याळावर बोट ठेवलं. रस्ता चौदा मीटर रुंद. माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरून अशा सिग्नलची वेळ काढायची रीत आहे, म्हणजे इथं जेमतेम बारा सेकंद. बाराव्या सेकंदाला आम्ही रस्त्याच्या दोनतृतीयांशापाशी होतो आणि उजवीकडची मोटारसायकल गुरगुरायला लागली होती. आजींनी तिच्याकडे बघितलंही नाही, काठी वर केली आणि त्याच चालीने पुढे गेल्या. एकोणीस सेकंद.

"रोज असंच?" मी विचारलं.

"नाही गं. रोज मी येतच नाही. इकडचं दुकान सोडलंय मी."

या वेळच्या नव्या तक्त्यात ही ओळ सत्तेचाळिसावी. पहिल्या रकान्यात आजींचं वाक्य, शेजारी हिशोब: १४ भागिले १९, म्हणजे सेकंदाला पाऊण मीटरही नाही. प्रस्ताव: सिग्नलची वेळ वाढवणे आणि रस्त्याच्या मध्यभागी थांबायला दुभाजकात जागा. बाकी काही ओळींवर कडाक्याचे वाद झाले. दुकानदार म्हणत, गिऱ्हाईक गाडीनेच येतं. आम्ही गिऱ्हाइकांना विचारलं तर बरेचसे चालत आलेले. इतर शहरांतल्या पाहण्यांतही हेच दिसलंय, दुकानदारांचा अंदाज गाड्यांच्या बाजूने जास्त झुकतो. पण आकडे दाखवून कोणी गप्प बसत नाही, हेही तेव्हाच कळलं. त्यांना सामान उतरवायला टेम्पोची जागा हवी होती, ती सकाळच्या वेळापुरती दिली, मग बोलणं सुरू झालं. चार आठवडे रंग, कुंड्या आणि प्लॅस्टिकचे खांब लावून चाचणी घेतली. त्यातला एक कोपरा सपशेल फसला, बसला वळताच येईना. चुन्याची रेघ होती म्हणून निभावलं, पुसून पुन्हा मारली. काँक्रीट असतं तर?

एक गोष्ट अजून खुपते, तीही सांगून टाकते. छापील अहवालात तक्ता परिशिष्टात गेला, बारीक टायपात, आणि करणाऱ्यांच्या यादीत माझं नाव नव्हतं. रडारड करून उपयोग झाला नाही. ज्यांना पहिली नोकरी लागतेय त्यांना एवढंच सांगेन, की कामाला लागतानाच विचारून घ्या, श्रेय कसं लिहितात आणि कामाची कुठली पानं पोर्टफोलिओत वापरायची परवानगी आहे. नंतर विचारताना आवाज आपोआप बारीक होतो.

परवानगी मी उशिरा का होईना मागितली आणि मिळाली. दुसऱ्या नोकरीसाठी पोर्टफोलिओ पुन्हा बांधला तेव्हा बेचाळीस पानांची चौदा झाली. चकचकीत चित्रांपैकी दोन ठेवली, सॉफ्टवेअर येतं एवढं दिसावं म्हणून. ऑटोकॅड, स्केचअप, क्यूजीआयएस हे यायलाच हवं, त्याशिवाय दारातून आत घेत नाहीत. चाचणीच्या आधीचा आणि नंतरचा एकाच जागेवरून घेतलेला फोटो, फसलेला कोपरा त्याच्या दोन्ही रेघांसकट, आणि तक्त्याची तीन पानं, नावं झाकून.

मुलाखतीला समोर तिघं होते. चित्रं भराभर उलटली गेली. तक्त्यापाशी आल्यावर मधल्या सरांनी चष्मा लावला आणि वाचत बसले. चांगली पाचेक मिनिटं कोणी बोलेना. मग सत्तेचाळिसाव्या ओळीवर बोट ठेवून ते म्हणाले, "हे एकोणीस कुठून आलं?"

मी आजींची गोष्ट सांगितली. दुपारी तीनला त्या सिग्नलपाशी सावली कुठं असते, तेही सांगितलं. कोणी विचारलं नव्हतं.

नव्या कामावर रुजू होण्याच्या आदल्या आठवड्यात मुद्दाम त्या रस्त्यावर गेले. दुभाजकातली जागा अजून कागदावरच होती. सिग्नल मात्र बाराचा सोळा झाला होता. आजी भेटतील असं काही ठरवून गेले नव्हते, पण भेटल्या. मला ओळखलं, काठी पुढे करून दिव्याकडे दाखवलं आणि म्हणाल्या, "वाढवलंस गं. पण तीन अजून कमी आहेत."